भिंगरीचं ‘येते’

३ फेब्रुवारी

आई,

तुझं पत्र मिळालं. "येणार नाही. कामावर आहे. पोरीला जप." एवढंच. तुझे जावई म्हणाले, "सासूबाई तारखात्यात असायला हव्या होत्या, चादरी धुण्यात उगाच वाया गेल्या." मी हसले नाही, पण तू हसशील म्हणून लिहिते.

रागावलेली नाही हं. मला वाटलं होतं, जन्मभर दवाखान्याच्या चादरी धुतल्यास, आता ते सोडून आमच्याकडे यावंस आणि भिंगरीला मांडीवर घेऊन बसावंस. तुला तो आराम वाटेल असं मी धरून चालले. तुला ती दुसरी नोकरी वाटली, आणि तीही बिनरजेची. असो. आता तुझी गरज उरलेली नाही, हे सांगायलाच लिहिते आहे. (वाक्य जरा वाकडं पडलं. मनाला लावून घेऊ नकोस.) फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू ‘हं’ म्हणतेस, मागे यंत्रं घरघरतात, आणि तू नेमकं काय ऐकलंस ते मला शेवटपर्यंत कळत नाही. पत्र तू अक्षर अक्षर लावून वाचतेस. म्हणून मोठ्या अक्षरात लिहिते आहे.

आमच्या कारखान्यात पाळणाघर सुरू झालं, आई. मी भांडून मिळवलेलं.

तू शेजारणींना सांगतेस की मुलगी हापिसात आहे. पुढच्या वेळी नीट सांग, कल्याण अधिकारी आहे. आपल्या घरातली पहिली पदवी त्या दोन शब्दांवर खर्ची पडली आहे. आमच्याकडे इंजेक्शनच्या सुया बनतात आणि बायका त्या पाकिटांत भरतात. कदाचित तुझ्या दवाखान्यातही आमच्याच सुया येत असतील. ज्या खोलीत त्या भरतात तिला सगळे ‘पांढरी खोली’ म्हणतात. आत जायचं तर कोपरापर्यंत हात धुवायचे, पायघोळ झगा चढवायचा, केस टोपीत कोंबायचे, तोंडाला मास्क. डोळे तेवढे उघडे. बाहेर आलं की सगळं काढायचं आणि परत जाताना पुन्हा पहिल्यापासून. त्यामुळे चहाच्या सुट्टीत कुणी बाहेर पडतच नाही. पडलं तर सगळी सुट्टी झगा काढण्या-घालण्यात जाते.

या बायकांची मुलं कुठे असायची? कुणाचं शेजारी, कुणाचं थोरल्या बहिणीकडे, जिचे स्वतःचेच दुधाचे दात पडताहेत. एकीचं तर बाहेरून कडी लावलेल्या घरात. मी वर्षभर साहेबांच्या मागे भुणभुण लावली. शेवटी पांढऱ्या खोलीला लागून असलेलं गोदाम त्यांनी रिकामं करून दिलं. मधल्या भिंतीत मी दाराएवढी काच बसवून घेतली. हात कामात असले तरी मान वळवली की लेकरू दिसावं, म्हणून.

उद्घाटनाला मला बोलायला लावलं. मी म्हणाले, आता इथल्या कुठल्याच आईची नजर घड्याळावर राहणार नाही. टाळ्या पडल्या. सगळ्यांत जोरात साहेबांनी वाजवल्या.

पहिल्या दिवशी बायकांनी काचेतून हात हलवले. मुलांना काही उमजेना. पलीकडे सगळ्या एकसारख्या, पांढऱ्या, बिनतोंडाच्या. मग त्यांनी सगळ्यांनाच हात हलवून टाकले. एक पोरगं मात्र भलतीलाच आई समजून तिच्याकडे बघत रडत बसलं, आणि ती निघाली सरदारीण. सरदारीण म्हणजे आमची सर्वांत जुनी कामगार, पोरं केव्हाच मोठी झालेली. तिची जीभ आमच्या सुयांपेक्षा टोकदार आहे आणि मास्कचाही तिच्यावर इलाज चालत नाही. ती म्हणाली, "बघा, या वयात मला लेकरू झालं. कल्याणबाईंनी कल्याण केलं." कल्याणबाई म्हणजे मी.

एक नियम मी स्वतः केला आहे. आईनं मधेच पाळणाघरात जायचं नाही. मूल कसंबसं रमलेलं असतं, आई दिसली की गळ्यात पडतं, आणि ती निघाली की आधीच्या दुप्पट आकांत. मुलं सांभाळणाऱ्या मावशींचंही हेच म्हणणं. आता माझं टेबल पाळणाघराच्या दारासमोरच आहे. मला ना झगा ना टोपी, उठले की आत. पण मी उठत नाही. जिनं नियम केला तिनंच मोडला तर बाकीच्यांना काय सांगणार? सरदारीण जाता-येता बघून जाते, मी खुर्चीत आहे ना. भिंगरीचं रडणं मला त्या गोंगाटातही ओळखू येतं. ती आधी श्वास कोंडते, मग सोडते. तो मधला वेळ मी फायलीत बघत असते.

सकाळी मात्र तिला नीट सांगून निघते. कॉलेजात शिकलो होतो की मुलाची नजर चुकवून पळू नये, सांगून जावं, म्हणजे त्याचा विश्वास बसतो. तू चुकवून जायचीस. मला जाग यायची तेव्हा अंथरुणात तुझी जागा कोमट असायची. (तक्रार नाही. पहिल्या पाळीला दुसरा मार्ग नसतो, हे मला आता कळतं.) मी भिंगरीसमोर बसते, तिच्या डोळ्यांत बघते आणि म्हणते, "मी येते हं."

तिनं तो शब्द उचलला आहे बरं का. काल खिडकीतला कावळा उडाला, तर बोट दाखवून म्हणते, "काऊ येते." आंघोळीचं पाणी मोरीत गेलं, तर "पाणी येते." आम्ही हसून हसून लोळलो. दोन वर्षांची आहे, पण बोलण्यात आजीवर गेलेली नाही एवढं नक्की.

बाकी मजेत.

तुझी,
हापिसातली


१९ फेब्रुवारी

आई,

मागच्या पत्रात तुला एक गंमत लिहिली होती. ती गंमत नव्हती.

आमचं कसं चालतं ते तुला माहीत आहे. तुझे जावई पहाटे दुधाचा टँकर घेऊन निघतात. मी भिंगरीला घेऊन कामावर जाते, दुपारी चारला ते तिला पाळणाघरातून घरी आणतात, मी सहाला सुटते. रात्री आठला भिंगरी झोपते, पाठोपाठ तेही. म्हणजे सहा ते आठ एवढंच आमचं घर. ते म्हणतात, आपण संसार करत नाही, पाळी बदलतो.

परवा मी गल्लीच्या तोंडाशी आले तेव्हा ते तिला कडेवर घेऊन गॅलरीत उभे होते. मला बघून ते तिला म्हणाले, "ती बघ, आई येते."

मी खालून हात वर केला. भिंगरीनं श्वास कोंडला. तो कोंडलेला श्वास मला रस्त्यावरून दिसला, आई. मग असा टाहो फोडला की तीन मजल्यांच्या बायका बाहेर आल्या. मी जिना चढून गेले तर हिनं बाबांच्या मानेत तोंड खुपसलेलं, माझ्याकडे बघायला तयार नाही. त्यांना आधी उमगलं. म्हणाले, "तिला वाटलं, तू चाललीस."

मग मला ते सगळं दिसलं. कावळा उडाला ते ‘येते’. पाणी वाहून गेलं ते ‘येते’. मी रोज तिच्या डोळ्यांत बघून, समोर बसून, अगदी पुस्तकाप्रमाणे हा शब्द तिला शिकवला, आणि प्रत्येक वेळी तो म्हणून झाल्यावर पाठ फिरवली. घरी परत येताना मी काहीच म्हणत नाही. आल्याआल्या गॅसकडे, नाहीतर धुण्याकडे. येण्याला आमच्या घरात शब्दच नाही.

आपल्यात ‘जाते’ म्हणत नाहीत. हे तूच शिकवलंस. एकदा शाळेला निघताना मी ‘जाते’ म्हणाले तर हातातला पिळा तसाच बादलीत टाकून तू मला उंबऱ्याच्या आत ओढलंस आणि ‘येते’ म्हणवून घेऊन मग सोडलंस. ते पुस्तक ज्यानं लिहिलं त्याच्या देशात घरातून निघणारा माणूस सरळ ‘जातो’ म्हणत असणार. त्याचं काय जातं.

आता दुसरं. हे मी तुला सांगणार नव्हते.

साहेबांनी बोलावलं होतं. मोठी मागणी आली आहे. पांढरी खोली सहाऐवजी आठपर्यंत चालवायची म्हणतात. बायका घरी मुलं आहेत म्हणून थांबत नसत, आता ती अडचणच राहिली नाही. पाळणाघर आठपर्यंत उघडं ठेवायचं, त्यावर कल्याण अधिकाऱ्याची सही लागते. साहेब वाईट माणूस नाहीत, आई. आवाजसुद्धा चढवत नाहीत. मला खुर्ची दिली आणि म्हणाले, "तुम्हीच म्हणाला होतात ना, आईची नजर घड्याळावर राहणार नाही." अगदी माझ्याच हेलात म्हणाले. मी सही केली नाही तर? तर नुसतं सहापर्यंतचं पाळणाघर त्यांना परवडत नाही. गोदामाचं पुन्हा गोदाम होईल आणि पोरं परत कडीच्या आत.

बातमी माझ्या आधी पांढऱ्या खोलीत पोचली होती. सरदारीण म्हणाली, "पोरं घरी होती तोवर सहाला सुटत होतो. आता पोरंही आत, आपणही आत. कल्याणबाई, नवऱ्यांनाही आत घ्या, म्हणजे बाहेर पडायला कारणच उरायचं नाही." सगळ्या हसल्या. मीही हसले.

पाळणाघर आठपर्यंत म्हणजे मीही आठपर्यंत. घरी पोचेन तेव्हा भिंगरी झोपलेली असेल. ती जागी असताना मी तिला दिसेन ते फक्त सकाळी, निघताना. तिचा शब्द मग पक्काच होईल.

साहेबांना म्हणाले, विचार करून सांगते. काय सुचतंय ते तू सांग. तीन वाक्यं चालतील.


२ मार्च

आई,

तीन मागितली, तू दोनच पाठवलीस. "तिला जाते म्हण. मला येते म्हणवत नसे, म्हणून तुला उठवत नव्हते."

पहिलं वाक्य मी लगेच वाचलं. दुसरं अजून वाचते आहे.

मला इतकी वर्षं वाटायचं की तुला घाई असायची. कधी एका पाळीला जाऊन दोन करून यायचीस, कधी यायचीस ती बाबांनी आम्हाला झोपवल्यावर. ‘येते’ म्हणायचं आणि यायचं नाही, ते तुला जमलं नाही, असंच ना? बरोबर वाचलं का मी? तू कधी सांगितलं नाहीस. मी तरी कुठे विचारलं.

तुझं ऐकून पाहिलं. सोमवारी पाळणाघराच्या दारात भिंगरीसमोर बसले आणि म्हणाले, "मी जाते हं." भिंगरी छान हसली. तिच्या लेखी तो शब्द कोरा होता. पण मागे सरदारीण उभी होती, आणि हात धुवायला निघालेल्या निम्म्या बायका. सरदारीण म्हणाली, "सकाळी सकाळी लेकरासमोर अभद्र काय बोलता? एवढ्या शिकल्या तुम्ही. फिरा मागे, येते म्हणा." मी समजावायला लागले. मावशीही म्हणाल्या, म्हणा हो बाई, जिभेवर काही असतं नसतं. मग काय करणार? चारचौघींत ‘येते’ म्हणाले. भिंगरीचं हसू गेलं आणि तिनं श्वास कोंडला. बायका म्हणाल्या, बघा, आईनं नीट निरोप घेतल्यावर कशी माया उफाळून आली.

हसू नकोस. बरं, हस.

सहीचं अजून भिजत घोंगडं आहे. जेवणाच्या सुट्टीत मी बायकांनाच विचारलं. मला खात्री होती की सगळ्या एका सुरात नाही म्हणतील आणि मी तो नकार घेऊन ताठ मानेनं साहेबांकडे जाईन. भाषणसुद्धा तयार होतं. तर जुळ्यांची आई म्हणाली, "सही करा बाई. घरी नेऊन तरी काय, एका खोलीत सासऱ्याच्या खोकल्यात बसायचं. इथं दोघं दूध पितात, खेळतात. वर जादा कामाचे मिळतात." दुसरी म्हणाली, मला नको, माझी मोठी शाळेतून येऊन पायरीवर बसते. त्यांच्यातच जुंपली. मी सरदारिणीकडे बघितलं. ती डबा धूत होती.

"आम्हाला विचारता कशाला?" ती म्हणाली. "आम्ही हो म्हटलं तर तुमचं मन मोकळं. नाही म्हटलं तर पाळणाघर आमच्यामुळे बंद. सही तुमची आहे, तुम्हीच घाला नाहीतर घालू नका."

मला खूप राग आला, आणि ती खोटं काय बोलली ते रात्रीपर्यंत सापडलं नाही.

आणखी एक चाललं आहे. ते मी बघते आणि बघत नाही. बायका काचेशी जातात आणि मास्क खाली ओढून झटकन परत वर करतात. क्षणभर. तेवढ्यात पलीकडे एखादं पोर ओरडतं, माझी आई, माझी. हे सुयांच्या खोलीत चालत नाही, आई. कुणाच्या तरी दंडात जाणार आहेत त्या सुया. मला हे थांबवायला हवं. उद्या सांगेन, असं गेल्या आठवड्यापासून म्हणते आहे.

तू कशी आहेस ते एकदाही लिहिलं नाहीस. पाठीचं काय?


१३ मार्च

आई,

आधी हे सांगते की सगळे धडधाकट आहेत. घाबरू नकोस.

पांढऱ्या खोलीच्या स्वच्छतेवर नजर ठेवणाऱ्या तपासनिसानं तिघींना काचेपाशी मास्क काढताना पकडलं. त्यात जुळ्यांची आई एक. साहेबांचा हुकूम आला की तिघींना ताकीद द्यायची, काचेवर दुधी कागद चिकटवायचा, आणि दोन्ही कामं कल्याण अधिकाऱ्यानं करायची. काच मी मागून घेतली होती, तेव्हा कागदही मीच लावावा, हे त्यांना न्यायाचं वाटलं असेल.

मंगळवारी दुपारी मी पांढऱ्या खोलीत गेले, बायकांना समजावून सांगायला. कोपरापर्यंत हात धुतले, झगा, टोपी, मास्क. मी एरवी आत जात नाही. बोलायचं ते मनाशी घोकलं होतं की या सुया आजारी माणसांच्या आहेत, माझी स्वतःची आई दवाखान्यात काम करते, वगैरे. तू माझ्या भाषणात होतीस.

त्या दिवशी टँकर वाटेत बंद पडला होता. चार वाजून गेले तरी भिंगरीला न्यायला कुणी आलं नव्हतं. बाकीची मुलं मावशींभोवती बसली होती आणि ही एकटी काचेला नाक लावून उभी. दोन्ही तळवे काचेवर. ती आम्हाला एकेकीला बघत होती. घाई नव्हती तिला. एकीचे डोळे बघायची, मग पुढचीचे. माझ्यापर्यंत आली, माझे डोळे बघितले, आणि पुढे सरदारिणीकडे गेली.

पुढे गेली, आई. थांबली नाही.

मी बोलत होते ते वाक्य कुठे तुटलं, मला आठवत नाही. मी काचेशी गेले आणि मास्क काढला. झटकन नाही. पूर्ण काढला आणि हातात धरून उभी राहिले. मागे तपासनीस उभा होता, बायका उभ्या होत्या, उघडी पाकिटं होती.

तिनं मला ओळखलं. हसली. मग तिचा चेहरा एकदम शहाण्यासारखा झाला. काचेतून आवाज येत नाही, पण ओठ दिसतात. "येते," ती म्हणाली, आणि मला हात हलवला. रडली नाही. पाहुण्याला दारापर्यंत पोचवावं तसा हलवला. माझं तोंड दिसलं की मी निघते, एवढं तिला आता पक्कं ठाऊक आहे. मग वळून ती मावशींकडे गेली.

त्या टेबलावरची सगळी पाकिटं फेकून द्यावी लागली. तपासनिसानं मान खाली घालून लिहून घेतलं. सरदारिणीनं माझ्या हातातला मास्क घेतला, नवा दिला, आणि मागून नाडी बांधून दिली, जरा घट्टच.

साहेबांनी उद्या बोलावलं आहे. तुझे जावई म्हणतात, फार तर काय, नोकरी जाईल. ‘जाईल’ म्हणाले आणि लगेच जीभ चावली.


२२ मार्च

आई,

तुझं पत्र आलं. या वेळी एकच शब्द. "येते."

खरं सांगू? वाटलं, तू चाललीस. नोकरी सोडून, का आम्हाला सोडून, का कुठे, काही कळेना, नुसतं चाललीस एवढंच वाटलं. मी दारातच खाली बसले. मग तुझ्या जावयांनी कागद उलटा करून दाखवला. मागे लिहिलं होतंस, "रजा मिळाली. महिन्याची. मंगळवारी." भिंगरीची भाषा आता मलाही यायला लागली आहे.

तू विचारलं नाहीस, तरी सांगते. मी सही केली.

साहेब ओरडतील असं मला वाटलं होतं. ओरडले असते तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं. त्यांनी पाणी मागवलं. म्हणाले, मीही बाप आहे, समजू शकतो. मास्कचं प्रकरण चौघींचंही मिटवून टाकू, तिघींचं आणि तुमचं, एकीच्याही नावावर ताकीद नको. फक्त पाळणाघराचा तेवढा कागद आज पुरा करू या. जुळ्यांच्या आईची ही दुसरी ताकीद झाली असती, म्हणजे घरी. मी पेन उघडलं. तिच्यासाठी केली असं तुला लिहिता आलं असतं. पण मला माझीही नोकरी हवी होती. ती गेली तर त्या खुर्चीत कोण बसेल आणि तो मग काय काय करेल, असलंही सगळं मनात येऊन गेलं. खरंच आलं. पण त्याच्या आधी नोकरी हवी होती.

आता आठ. पहिल्या आठवड्यात मी भिंगरीला उजेडात फक्त सकाळी बघितलं. बायका मला कल्याणबाई म्हणत नाहीत, मॅडम म्हणतात. जुळ्यांची आई हसते माझ्याकडे बघून, आणि मला तोंड लपवावंसं वाटतं.

कागद मीच लावला. नीट लावला, एक सुरकुती नाही. तू इस्त्रीला शिकवलंस तसा मधून कडेला हात फिरवून. पण तो मी मुलांच्या बाजूनं लावला, आणि परवा बघितलं तर खाली, त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर, कुणीतरी नखानं खरवडून नाण्याएवढं भोक पाडलं आहे. दुसऱ्या दिवशी शेजारी आणखी एक. पांढऱ्या खोलीतून त्या भोकांतून बघायचं तर पार खाली वाकावं लागतं. हल्ली पांढऱ्या खोलीत बायकांच्या हातून वस्तू फार पडतात. काल सरदारिणीच्या हातूनही काही पडलं, आणि तिचं तर पलीकडे कुणीच नाही. तपासनीस म्हणाला, मॅडम, आजकाल यांचं हातात लक्ष नाही. मी म्हणाले, बघते. मी काही बघितलेलं नाही.

तू ये. महिन्यानं काय होईल ते महिन्यानं. तुझी रजा मी माझ्या बुडालेल्या संध्याकाळींसाठी वापरते आहे, हे मला समजतं. तुलाही समजतं म्हणूनच तू एवढं कमी लिहितेस, हेही आता समजतं.

मंगळवारी जिन्यातून हाक मारू नकोस. आम्हीही भिंगरीला सांगणार नाही की आजी येते म्हणून. नुसती आत ये, चपला काढ आणि तिच्यासमोर बसून राहा. ती बोलायला लागेपर्यंत बस. ती येण्याला काय म्हणायचं ते ठरवेल, आपण तोच शब्द घेऊ.

आणि अजून एक. महिना संपल्यावर निघशील तेव्हा तिला काही सांगू नकोस. तुझ्या जुन्या पद्धतीनं, ती झोपेत असताना ऊठ आणि जा. मी त्या सकाळी रजा टाकीन. मिळाली तर तुझ्या जागेवर जाऊन पडेन, ती कोमट आहे तोवर.

तुझी,
मुलगी